आधी गेज तपासा

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

लग्न पार पडलं. तेजल रविवारी सासरी गेली, वडिवळ्याला. घर रिकामं वाटतं, असं शुभदा येता-जाता म्हणते. मला तसं वाटत नाही. माझ्याकडे फोटो आहेत.

फोटोग्राफर लावायचा नाही हा निर्णय माझा. तेजल कुरकुरली, पण मी तिला समजावलं. आपल्यात कन्यादान नाही, मुहूर्त नाही, होमाचा धूर नाही. वधूपित्याला त्या दिवशी काम काय? नुसतं हात जोडून दारात उभं राहायचं. त्यापेक्षा नवा कॅमेरा आहे, हात रिकामे आहेत, रिटायरमेंट आहे. भाड्याचा माणूस तो भाड्याचा माणूस. बापाचा डोळा तो बापाचा डोळा.

आता अल्बम. चौदा एप्रिलला जयंतीला व्याही-विहीणबाई, जावई, सगळे आपल्याकडे वराळ्याला येणार. तेव्हा अल्बम त्यांच्या हातात पडला पाहिजे, एवढंच तेजलचं म्हणणं. त्यांच्याकडूनही फोटोग्राफर नव्हता, कारण तिथेही मीच सांगून ठेवलं होतं की ती काळजी सोडा. म्हणजे या लग्नाचा अधिकृत पुरावा फक्त माझ्या कार्डात आहे. दोन महिने हातात आहेत. हा काही विषयच नाही.

१३ फेब्रुवारी, सकाळी

कार्ड कॉम्प्युटरला लावलं. फोटो उघडले.

मॉनिटर खराब आहे.

१३ फेब्रुवारी, दुपारी

सविस्तर लिहितो. त्या दिवशी नवरानवरी पांढऱ्यात, आम्ही पांढऱ्यात, वऱ्हाड पांढऱ्यात, बौद्धाचार्य पांढऱ्यात. कामशेतचा तो हॉल कापसाच्या गोदामासारखा दिसत होता. आणि स्क्रीनवर एक माणूस पांढरा दिसेल तर शपथ. सगळे कढीत बुडवून काढल्यासारखे. वर अंधार.

सारी नोकरी मी तळेगावच्या कंपनीत क्वालिटीला काढली. क्वालिटीचा पहिला नियम असा, की पार्ट चुकीचा वाटला तर आधी गेज तपासा. मोजायचं साधनच चुकीचं असेल तर बिचाऱ्या पार्टचा काय दोष? पार्टवर संशय घेणं सोपं असतं, नवीन भरती झालेली पोरं तेच करतात. इथे पार्ट म्हणजे फोटो आणि गेज म्हणजे मॉनिटर. फोटो मी काढलेत. मॉनिटर कंपनीच्या भंगार लिलावातला आहे. संशय कुणावर घ्यायचा ते उघड आहे.

शुभदा म्हणाली, फोटोच तसे आले नसतील ना? तिला क्वालिटीची पार्श्वभूमी नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

संकल्प: मॉनिटर पद्धतशीर कॅलिब्रेट करायचा. आधी रिझोल्यूशन, मग ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, शेवटी रंग. आठवड्याचं काम.

सेटिंगमध्ये रिझोल्यूशनचे बरेच आकडे दिसतात. सगळ्यात मोठ्या आकड्यापुढे 'शिफारस केलेले' असं लिहिलंय. शिफारशीवर मी आयुष्यात कधी कुणाचं काम केलं नाही. शिवाय त्याने अक्षरं मुंगीएवढी होतात. मधला आकडा निवडला. अक्षरं कशी ठसठशीत झाली. पहिला टप्पा पूर्ण.

१७ फेब्रुवारी

शुभदा मागे येऊन उभी राहिली. स्वतःचा फोटो बघितला. मी एवढी जाड दिसत होते आणि कुणी बोललं नाही, असं म्हणून खुर्चीत बसली. मी सांगितलं, रिझोल्यूशन मधलं ठेवलं की चित्र आडवं ताणलं जातं. हॉलचा खांबसुद्धा बघ किती जाड झालाय. ती म्हणाली, मला खांबाशेजारी कशाला मोजता?

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिफारस केलेला आकडा ठेवला. (शिफारस म्हणून नव्हे, स्वतंत्र विचार करून.) सगळे बारीक झाले. खांब बारीक झाला. शुभदाला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, यातही जाडच दिसते की. मी म्हणालो, आता जे उरलंय ते रिझोल्यूशनचं काम नाही.

बोलायला नको होतं. जेवायला कालची भाजी होती.

अक्षरं मुंगीएवढी आहेत. भिंग घेऊन बसतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

ब्राइटनेस. विंडोजमध्ये त्यासाठी एक चित्र येतं. कोट घातलेला एक माणूस असतो. त्याचा कोट आणि शर्ट वेगळे दिसले पाहिजेत, आणि त्याच्या मागच्या अंधारातली फुली जेमतेम दिसली पाहिजे. माझ्याकडे फुली दिसते तेव्हा माणूस भुतासारखा दिसतो, आणि माणूस माणसात येतो तेव्हा फुली गायब होते. तासभर दोघांची समजूत घातली. शेवटी फुली आहे असं मनाशी धरून पुढे गेलो.

एका व्हिडिओत एक मुलगा सांगत होता, की समोर पांढरं जास्त असलं की कॅमेरा फसतो आणि फोटो काळवंडतो, आणि पिवळ्या दिव्यांखाली पांढरं पिवळं येतं. माझा कॅमेरा नवा आहे, तो फसत नाही. शिवाय त्या मुलाचे केस जांभळे होते. रंगांबद्दल त्याच्याकडून काय शिकायचं?

२५ फेब्रुवारी

खोलीच्या उजेडाचाही दोष आहे. खिडकीला सतरंजी ठोकली. भिंत पोपटी आहे, तिचा रंग स्क्रीनवर पडतो. भिंत करडी रंगवू, असं सुचवलं. शुभदा म्हणाली, त्यापेक्षा तुम्हीच बाहेर राहायला जा.

आईने दार ढकललं आणि अंधारात कॅरमच्या बोर्डावर आपटली. "आरं राजा, हितं काय कोंबड्या उबवाय बसलास का? उघड ती खिडकी, जीव कोंदतोय." आईचं वय झालं. तिला सेटअप म्हणजे काय ते कळत नाही. बोर्ड हलवला.

१ मार्च, शनिवार

आजचा दिवस महत्त्वाचा.

मूळ प्रश्न असा, की पांढरा म्हणजे किती पांढरा? कंपनीत याला मास्टर पीस असतो. एक प्रमाण नमुना कपाटात ठेवायचा, बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं. घरात मास्टर पीस शोधला आणि सापडला. माझा लग्नातला शर्ट. शुभदाने धुऊन, नीळ घालून, कडक इस्त्री करून ठेवलेला. एवढा पांढरा शर्ट वराळ्यात दुसरा नसेल. हँगरला लावून मॉनिटरशेजारी टांगला.

मग मॉनिटरच्या बटणांनी रंगांच्या पट्ट्या सरकवत गेलो. लाल कमी. हिरवा किंचित कमी. निळा वर, आणखी वर, अगदी टोकाला. कढी ओसरली. आणि एका क्षणी तेजलची साडी आणि माझा शर्ट, शेजारी शेजारी, अगदी एक झाले. डोळ्यात पाणी आलं. फार वेळ स्क्रीनकडे बघितल्याने.

म्हणजे फोटो निर्दोष होते. पहिल्या दिवसापासून मी हेच म्हणत होतो.

कंपनीतले कॅलिब्रेशनचे स्टिकर घरात थोडे आहेत. कसे आले ते लिहायची गरज नाही. एक मॉनिटरच्या कडेला लावला. तारीख, सही, ओके. खाली बॉलपेनने लिहिलं, 'बटणांना हात लावू नये.'

५ मार्च, बुधवार

शुभदाने चौदा एप्रिलसाठी माझ्या कॅलिब्रेटेड मॉनिटरवर बघून पांढरीशुभ्र साडी मागवली. आज आली. लोण्याच्या रंगाची आहे. मी म्हणालो, कंपनीने फसवलं. तिने मोबाईलवर तीच साडी काढून दाखवली. मोबाईलवरही लोणीच. म्हणजे मोबाईलही बिघडलाय.

तिला मोबाईल कॅलिब्रेट करून देतो म्हटलं. तिने तो पदराखाली घेतला.

९ मार्च, रविवार

आता मोठ्या स्क्रीनवर तेजलशी व्हिडिओ कॉल. चिंतेची गोष्ट आहे. मुलगी निळी पडलीय. ओठ जांभळे, डोळ्यांखाली सावल्या, गाल उतरलेले. हसत होती, पण ते वरवरचं. मी विचारलं, जेवतेस का? म्हणाली, पप्पा, दोन किलो वाढलं माझं. मुली माहेरी खरं सांगत नाहीत.

कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मीही निळसर दिसत होतो, पण माझं वय आहे.

शुभदाला विचारलं. ती म्हणाली, मोबाईलवर तर छान दिसते, तुमच्या त्या डब्यातच निळी दिसते. त्या मोबाईलवर माझा विश्वास नाही, हे मी पाच तारखेलाच लिहून ठेवलंय.

१० मार्च

झोप लागली नाही. बापाने गप्प बसायचं तरी किती. सकाळी रतनरावांना, म्हणजे व्याह्यांना, फोन लावला. जय भीम झाला, भाताचं विचारलं, गुरांचं विचारलं. मग शांत, सभ्य शब्दांत म्हणालो, मुलगी फार अशक्त झाली आहे, तिच्या खाण्यापिण्याकडे आपल्याकडून जरा लक्ष दिलं जावं. रक्त कमी झाल्याची शंका आहे.

त्यांनी पुन्हा एकदा नीट सांगायला लावलं. मग म्हणाले, "पावनं, कुनी सांगितलं तुमास्नी?" म्हटलं, कुणी कशाला सांगायला हवं? मी स्वतः बघितलंय, कॅलिब्रेट केलेल्या स्क्रीनवर.

११ मार्च

काल संध्याकाळी विहीणबाई तेजलला घेऊन कामशेतच्या दवाखान्यात गेल्या. रक्त तपासलं. एकदम उत्तम आलं. विहीणबाईंचंच कमी निघालं.

तेजलचा फोन. पहिल्यांदाच एवढी चिडलेली. म्हणाली, पप्पा, आई काल जेवली नाही. (आई म्हणजे सासू. शुभदाला ती मम्मी म्हणते.) सारखी म्हणतेय, आमच्या घरात पोरीला उपाशी ठेवतात असं तुझ्या बापाला वाटलंच कसं. मी नवी आहे हो इथे. माझी तरी लाज राखायची.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. रतनरावांना पुन्हा फोन करून माफी मागितली. ते मोठ्या मनाचे, "जाऊं द्या पावनं, समद्यांनाच लेकीची काळजी आसती" म्हणाले. मग म्हणाले, "पन चौदा तारखेला आलो म्हंजे त्यो फोटूंचा अल्बम तेवडा द्या. मंडळीचं मन हलकं हुईल."

म्हणजे आता अल्बमवर सगळं आलं. बरं झालं. निदान तो माझ्या हातात आहे.

१३ मार्च

तेजलने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, लग्नातले ज्यांच्याकडे जे फोटो असतील ते मला पाठवा. मला हे फार लागलं. मी लगेच खाली लिहिलं, 'कृपया मोबाईलवरील फोटो पाठवून गोंधळ करू नये. अधिकृत फोटो प्रक्रियेत आहेत.'

माझ्या मेसेजला उर्श्याच्या आत्याने अंगठा दिला. आणि त्याखाली चाळीस फोटो टाकले.

मी उघडले नाहीत.

१६ मार्च, रविवार

निवडक फोटो पेनड्राइव्हवर घेऊन लोणावळ्याला. बाजारात चिक्कीच्या दुकानांमागच्या गल्लीत बाजीरावची लॅब आहे. अल्बम, फ्लेक्स, लग्नपत्रिका, सगळं करतो. त्याला म्हटलं, रंगात एक काडीचा बदल करायचा नाही. कॅलिब्रेटेड आहे. तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसं साहेब." माणूस आज्ञाधारक वाटला.

येताना आईसाठी चिक्की. तिला दात नाहीत हे दुकानातून निघाल्यावर आठवलं.

२२ मार्च, शनिवार

नमुन्याचे प्रिंट बघायला गेलो. कढी. तीच कढी, तोच अंधार.

बाजीरावने विचारलं, "साहेब, कार्यक्रम सांजचा व्हता का?" म्हटलं, दुपारी बाराचा. "मंग भटारखाना मंडपातच व्हता का? न्हाई, धुरानं बी आसं हुतं." त्याला मी शांतपणे गेजचा नियम सांगितला. तुझं मशीन कॅलिब्रेट नाही, बाजीराव. तो म्हणाला, "समद्या मावळाचं छापतो या मशीनवर, कुनाची तक्रार न्हाई." हेच तर. तक्रार नाही म्हणजे कुणी मोजलंच नाही.

उद्या शर्ट घेऊन जातो.

२३ मार्च, रविवार

लॅबचा मॉनिटर कॅलिब्रेट करून दिला. विनामूल्य. बाजीराव चहा आणायला गेला होता तेवढ्यात काम उरकलं. स्टिकर लावला. त्याला म्हटलं, आता तुझं काम बघ कसं उजळतं.

समाधान. आपलं ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडावं यापरतं काय.

३० मार्च, पाडवा

सकाळी नऊला बाजीरावचा फोन. उर्से टोल नाक्याच्या अलीकडे कुणा एका भाऊंचा पाडव्याच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागलाय. वीस फुटी. फ्लेक्स करणाऱ्या पोराला स्क्रीनवर भाऊ निळे दिसले, म्हणून त्याने माणुसकीने थोडा पिवळा घातला. तरी निळे दिसले, म्हणून आणखी घातला. आता भाऊ फ्लेक्सवर डोक्यापासून पायापर्यंत हळदीचे झालेत. पहाटेपासून भाऊंना फोन येतायत, कावीळ कधी झाली, औषध कुणाचं चालू आहे. एकाने तर मुळ्या देणाऱ्या वैदूचा पत्ता दिला.

बाजीराव म्हणाला, "साहेब, तुमच्या वयाकडं बगून गप बसतो. पन आता हितं येऊ नका. चिक्की घ्यायला आलात तरी पल्याडच्या रस्त्यानं जा. आन् तुमचं अल्बमचं काम मी करनार न्हाई."

त्याने स्टिकर काढून टाकला म्हणे. मग अशा माणसाची क्वालिटी सुधारणार कशी?

श्रीखंड बरं झालं होतं. शुभदाने विचारलं, अल्बमचं कुठवर आलं? म्हटलं, शेवटच्या टप्प्यात.

४ एप्रिल, शुक्रवार

तळेगावातली दुसरी लॅब. कढी.

पुण्यातली लॅब, कुरिअरने. कढी, पण महाग कागदावर.

सगळ्या लॅब एकाच पद्धतीने चुकतात. संगनमत असावं.

१० एप्रिल, गुरुवार

निर्णय घेतला. कागद हे माध्यमच आता जुनं झालं. कागदी अल्बम काढायचाच नाही. चौदा तारखेला सगळ्यांना खोलीत बसवून मॉनिटरवर दाखवायचं. मोठ्या स्क्रीनवर, मागे सनई. ज्या गेजवर पार्ट ओके आहे त्याच गेजवर तो दाखवायचा, यात गैर काहीच नाही. हे मला आधीच सुचलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं.

शुभदाला सांगितलं. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, अहो, तेजलशी एकदा बोलून घ्या ना. म्हटलं, सरप्राइज आहे. ती काहीतरी बोलणार होती, पण कुकरची शिट्टी झाली.

१३ एप्रिल, रविवार

खोली तयार. सतरंजी नव्याने ठोकली. आठ खुर्च्या. विहीणबाईंची खुर्ची मधोमध, समोर. शर्ट मात्र हँगरवरून काढावा लागला, उद्या घालायचाय.

मनातून जरा धाकधूक आहे. महिना झाला, विहीणबाई फोनवर माझ्याशी 'हां' आणि 'बरं' याच्यापुढे बोललेल्या नाहीत. उद्या लेकाचा आणि सुनेचा तो दिवस त्यांना डोळेभरून दिसला, की सगळं निवळेल. निवळायलाच पाहिजे.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी विहारात वंदना. सगळे पांढऱ्यात, चौकात निळे झेंडे. शुभदा लोणी-रंगाच्या साडीत. वडिवळ्याहून अकरापर्यंत सगळे आले. विहीणबाईंनी मला जय भीम केला, पण बघितलं शुभदाकडे.

जेवणं झाल्यावर सगळ्यांना खोलीत बसवलं. सनई लावली. पहिला फोटो आला. तेजलची साडी दुधासारखी. हार, फुलं, सगळं कसं स्वच्छ. रतनराव म्हणाले, "झ्याक." विहीणबाई पुढे वाकल्या. मी मागे उभा होतो. आयुष्यात मी एवढा उंच कधी नव्हतो.

मग त्या म्हणाल्या, "माजा चेहरा आसा काळानिळा का ओ?" त्यांना बोचलं असणार, साहजिक आहे. सुमेध, म्हणजे जावई, उठला. गुणी मुलगा. म्हणाला, पप्पा, स्क्रीनला निळा जास्त झालाय, एका बटणाचं काम आहे. मी "हात लावू नये" म्हणेपर्यंत त्याने रीसेट दाबलंसुद्धा.

कढी.

अंधार. पिवळट वऱ्हाड. मळकट साडीतली माझी मुलगी. सनई चालूच होती. सुमेध घाईघाईने पुढचा फोटो, त्याच्या पुढचा, त्याच्या पुढचा. सगळे तसलेच. काही हललेले. एकात बौद्धाचार्यांचा फक्त कान.

पहिली आई बोलली. "आरं राजा, त्या दिशी गिरान लागलंवतं का?"

रतनरावांना हसू आवरेना. मग विहीणबाईंना. पदर तोंडाला लावून त्या एवढ्या हसल्या, की डोळे पुसत मला म्हणाल्या, "दादा, म्हंजे माजी सून निळी आशीच पडली व्हती व्हय?" महिन्यात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या. मला मात्र हसता येईना. मी सनई बंद केली. म्हणालो, मॉनिटर जुना आहे. मग मलाच ते ऐकवेना.

तेव्हा तेजल उठली आणि तिच्या बॅगेतून अल्बम काढून माझ्या हातात दिला. जाड, निळ्या कापडाचा. मोबाईलवरचे फोटो जमवून तिने मार्चमध्येच करून घेतला होता. वडिवळ्यात सगळ्यांनी बघितलेला. शुभदाने बघितलेला. आईनेसुद्धा. तेजल म्हणाली, तुम्ही एवढं करत होतात, कसं सांगायचं कळेना.

बसून पानं उलटली. पांढरं होतं. आत्याच्या, मावशीच्या, कुणाकुणाच्या साध्या मोबाईलमधून सगळं पांढरं आलं होतं. हार घालताना तेजल हसत होती, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत मधोमध एक पाठ होती. वाकलेली, शर्ट बाहेर आलेला, खांद्याला काळी बॅग. हार घालताना पाठ. फुलं पडताना पाठ. तेजल निघताना शुभदाच्या गळ्यात पडून रडतेय, आणि त्या दोघींच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, माझी पाठ. शेवटपर्यंत बघितलं. माझा चेहरा कुठेच नव्हता.

तेजल शेजारी बसली होती. म्हणाली, पप्पा, मी त्या दिवशी तुम्हाला सारखी शोधत होते. तुम्ही समोरच होतात, पण तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. मी म्हणालो, अगं, कॅमेऱ्यातून तुलाच बघत होतो की. ती म्हणाली, मग सांगा, निघताना मी कशी दिसत होते?

मला आठवेना. खूप आठवून बघितलं. मला आठवलं ते एवढंच, की तेव्हा बॅटरी लाल दाखवत होती. ते मी तिला सांगितलं नाही. मला रडू आलं. सगळ्यांसमोर, व्याह्यांसमोर. शुभदाने पाणी दिलं.

अल्बमचं शेवटचं पान तेजलने कोरं ठेवलं होतं. सगळ्यांना अंगणात नेलं. मला मधे उभं केलं, ती माझ्या शेजारी, मोबाईल आईच्या हातात. मी आईला सांगत होतो, की उजेड पाठीमागून येतोय, जरा डावीकडे सरक, काचेवरचं बोट काढ. आईने ऐकलं नाही, दाबलं.

संध्याकाळी सुमेधने तळेगावातून प्रिंट आणला. वर कोपऱ्यात आईचं बोट आलंय. सगळ्यांचे पाय कापलेत. माझं तोंड उघडं आहे, डोळे सुजलेले, आणि तेवढ्यात तेजलने हात धरला म्हणून मी मोबाईल सोडून तिच्याकडे बघतोय. क्वालिटीच्या हिशोबाने रिजेक्ट. मी म्हणालो, दुसरा काढू. तेजलने तोवर तोच चिकटवला होता.